हातचा आणि ताळा : मराठी शाळेतील गणिताच्या सवयींविषयी

गणिताच्या तासाने मराठी भाषेला दिलेले शब्द आपण रोज वापरतो. ते कोठून आले याचा विचार मात्र क्वचितच करतो. एखाद्या प्रसंगाचे त्रैराशिक मांडणे, मतांची गोळाबेरीज करणे, सोळा आणे खरे बोलणे, शेरास सव्वाशेर भेटणे, औट घटकेचे राज्य भोगणे, हे सारे वाक्प्रचार पाढे आणि मापे यांच्या जगातले आहेत. या संचयातील दोन शब्द आम्ही प्रस्तुत लेखासाठी वेचले आहेत : हातचा आणि ताळा. बेरीज करताना पुढच्या घरात न्यायचा जो आकडा लक्षात ठेवायचा, तो हातचा. केलेले उत्तर बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या वाटेने पडताळून पाहायचे, तो ताळा. पहिल्या सवयीला स्मरण लागते, दुसरीला स्वतःवर शंका घेण्याची तयारी लागते. मराठी मुलखातील शाळांनी विद्यार्थ्यांकडून गणितात काय अपेक्षिले, याचा इतिहास या दोन शब्दांभोवती बराचसा उभा करता येतो. हातचा शाळेने मुलाकडेच ठेवला. ताळा मात्र हळूहळू मुलाच्या हातून काढून मास्तर, तपासनीस आणि परीक्षक यांच्या स्वाधीन केला, असे आमचे प्रतिपादन आहे. पाचवी ते आठवीच्या वर्गांत गणिताची जी भीती बसते, तिचे एक मूळ या हस्तांतरात असावे.

आरंभ दूरचा, परंतु आवश्यक आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. या ग्रंथाची रचना अध्यापनाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आधी श्लोकात नियम येतो, मग उदाहरण येते, आणि उदाहरणात कोणाला तरी संबोधून प्रश्न विचारलेला असतो : कधी बालेला, कधी सख्याला, कधी व्यापाऱ्याला. ही रीत तुला येत असेल तर सांग, असा त्या प्रश्नांचा सूर आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त टळला, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पुढे आली. तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शिकणारा माणूस समोर बसला आहे असे धरूनच गणित लिहिले गेले, एवढे ग्रंथाच्या रचनेवरून पुरेसे स्पष्ट होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात, पण मठाला मिळणाऱ्या देणग्यांच्या तपशिलाचा काही भाग जुन्या मराठीत कोरलेला आहे. शास्त्राची भाषा एक आणि हिशेबाची भाषा दुसरी, ही विभागणी त्या शिळेवरच दिसते.

‘लीलावती’त नियम आहे, उदाहरण आहे; नियम खरा का, याचे उत्तर मूळ श्लोकांत सहसा नाही. ते टीकाग्रंथांत शोधावे लागते. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या. याच गणेश दैवज्ञांचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ मात्र नावाप्रमाणे लाघवासाठी प्रसिद्ध झाला. ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून पंचांग करता यावे, हा त्याचा हेतू. एकाच माणसाने कार्यासाठी सोपी रीत दिली आणि जिज्ञासूसाठी कारणही दिले. पुढच्या काळात लोकांच्या हाती अधिक प्रमाणात रीत पोहोचली. उपपत्ती मूठभर पंडितांच्या पोथ्यांत राहिली.

पंतोजींच्या शाळेत उपपत्तीला जागाच नव्हती. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी मुंबई इलाख्यात अशा देशी शाळांचे जाळे होते. १८२० ते १८३० या दशकातील त्यांच्या पाहणीची कागदपत्रे र. वि. पारुळेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला संपादित करून अभ्यासकांपुढे ठेवली. शाळा देवळात, ओसरीवर किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यात भरे. छापील पुस्तक नव्हते. धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर आणि अंक गिरवायचे, मोठ्या मुलांनी लहानांकडून घोकून घ्यायचे, आणि सायंकाळी परवचा म्हणायचा. शाळेची मुख्य अपेक्षा होती ती उजळणीची. एकं, दहं, पाढे यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके तोंडपाठ असणे म्हणजे हिशेब येणे.

आज या घोकंपट्टीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे व्यवहाराची निकड होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण. अर्धे, पाव, पाऊण यांनीच हे जग विभागलेले होते. शेराला साडेतीन आणे भाव असेल तर सत्तावीस शेरांचे किती, हा प्रश्न बाजारात उभ्याउभ्या सोडवायचा असे. औटकी पाठ असलेला मुलगा ‘सत्तावीस औटं साडेचौऱ्याण्णव’ म्हणून लगेच पाच रुपये साडेचौदा आणे सांगू शके. कागद नाही, लेखणी नाही, उत्तर जिभेवर. या दृष्टीने औटकी हे त्या काळाचे उपकरणच होते. आणि उपकरणाला ताळ्याची जोडही होती. गुणाकाराचा ताळा नवांवरून पाहण्याची रीत भारतीय गणितात जुनी आहे. चौतीस गुणिले सव्वीस म्हणजे ८८४. चौतिसाच्या अंकांची बेरीज सात, सव्विसाची आठ. त्यांचा गुणाकार छप्पन्न, त्याची बेरीज अकरा, पुन्हा दोन. तिकडे ८८४ ची बेरीज वीस, म्हणजे दोन. ताळा जमला. हाच ताळा ८४८ या चुकीच्या उत्तरालाही जमतो, हेही जाणत्याला ठाऊक असे. ताळा खात्री देत नाही; तो आपल्याच उत्तराकडे परक्याच्या नजरेने पाहायला लावतो.

तथापि या शाळेचे गुणगान करताना तिच्या दाराशी कोण उभे होते हे विसरता येत नाही. पंतोजींकडे मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार आणि काही सुस्थित शेतकरी घरांतील मुलगे येत. मुली जवळजवळ नव्हत्या; अस्पृश्य मानलेल्या जातींना प्रवेश नव्हता. ज्यांच्याकडून हिशेब घेतला जाई त्यांच्यापैकी बहुतेकांना हिशेब शिकवला जात नव्हता.

मुद्रणाने पहिला बदल घडवला. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठी क्रमिक पुस्तकांचे काम हाती घेतले. जॉर्ज जर्विस या लष्करी अभियंत्याने देशी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. युरोपीय अंकगणित, भूमिती आणि बीजगणित मराठी मुलासमोर छापील स्वरूपात प्रथमच आले, आणि त्याबरोबर गणित लिहिण्याची नवी रीतही आली. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ मध्ये शिक्षणखाते अस्तित्वात आले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली. इयत्ता, अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि तपासणीला येणारे ‘डिपोटी’ हे सारे या व्यवस्थेचे अवयव होत. १८६० नंतरच्या दशकांत खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. तपासनिसाने घेतलेल्या परीक्षेत किती मुले उतरली यावर शाळेला मिळणारी रक्कम ठरू लागली. मुलाच्या उत्तराला आता थेट पैशाची किंमत आली, आणि ते उत्तर बरोबर आहे हे ठरवणारा माणूस वर्गाच्या बाहेरून येऊ लागला.

यातूनच ‘पायऱ्या दाखवणे’ ही नवी अपेक्षा दृढ झाली. बाळ गंगाधर टिळकांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते : शाळेत उदाहरण तोंडीच सोडवले म्हणून मास्तरांनी रीत कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्यांनी डोक्याकडे बोट दाखवले. ती शब्दशः खरी असो वा नसो, दोन पद्धतींची टक्कर तिच्यात अचूक नोंदली गेली आहे. तोंडी हिशेबाच्या जगात उत्तराचा वेग ही प्रतिष्ठा होती. लेखी परीक्षेच्या जगात दुसऱ्याला तपासता येईल असा माग ठेवणे हे कर्तव्य झाले. ही नवी अपेक्षा केवळ जाचक नव्हती. पायरी लिहिणे म्हणजे कारण लिहिणे, आणि कारण लिहिले की ते वादासाठी खुले होते. गणेश दैवज्ञांच्या टीकेत अडकलेली उपपत्ती प्रत्येक मुलाच्या वहीत उतरण्याची संधी यात होती. टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या अध्यापकांनी ती साधलीही असेल. परंतु सर्वसाधारण शाळेत पायरी ही गुणांसाठी लिहिली जाऊ लागली. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘यावरून’ हे तर्काचे शब्द पाठ करण्याजोगा मजकूर झाले. ताळा पाहण्याचे काम तांबड्या शाईने घेतले.

ताळा दुसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे त्याच काळात शाळेबाहेर फार कठोरपणे दिसले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंगलींचे वैशिष्ट्य असे की लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हस्तगत करून जाळली गेली. जो हिशेब वाचता येत नाही, ज्याचा ताळा पाहता येत नाही, तो जाळण्यावाचून दुसरा उपाय त्यांना दिसला नाही. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबू नये, व्यवहाराचा मागचा हिशेब उलगडून पाहावा, आणि ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, अशा तरतुदी होत्या. कायद्याने ताळ्याचा हक्क मान्य केला; तो बजावण्याची क्षमता शाळाच देऊ शकत होती.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी दिलेले निवेदन या पार्श्वभूमीवर वाचावे. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. या यादीतील ‘हिशेब’ हा शब्द आपण सहज ओलांडून जातो. सुप्याच्या घटनेनंतर अवघ्या सात वर्षांनी तो उच्चारला गेला आहे, हे ध्यानात घेतले तर त्याचे वजन कळते. सावकाराचा आणि कुलकर्ण्याचा आकडा शेतकऱ्याच्या मुलाला स्वतः पडताळता यावा, ही त्यामागची अपेक्षा असावी, असे आम्हांस वाटते. गणिताच्या वर्गाकडून इतकी स्पष्ट सामाजिक अपेक्षा मराठीत त्यापूर्वी क्वचितच कोणी केली असेल.

पुढे ‘मराठी सातवी’ अर्थात व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठे दार ठरली. ती उतरलेल्याला प्राथमिक शिक्षक, तलाठी अशा नोकऱ्यांची वाट मोकळी होई. त्रैराशिक, पंचराशिक, सरळव्याज, चक्रवाढव्याज, नफा-तोटा, भागीदारी, काळ-काम-वेग या प्रकरणांनी तिचे गणित भरलेले असे. साहित्याच्या अभ्यासकांनी या उदाहरणांकडे गद्याचा एक उपेक्षित प्रकार म्हणून पाहायला हरकत नाही. पाच मजूर एक विहीर अमुक दिवसांत खणतात. दोन नळ हौद भरतात आणि तिसरा तो रिकामा करतो. एक व्यापारी दुधात पाणी मिसळूनही नफ्याचा टक्का विचारतो. येथे पात्रांना नावे असली तरी चरित्र नाही, मजूर थकत नाहीत, आणि भेसळीला कोणी जाब विचारीत नाही. मुलाने यातील माणसे गाळून आकडे उचलावेत, ही या गद्याची वाचकाकडून असलेली अपेक्षा. चांगला विद्यार्थी म्हणजे उदाहरण न वाचता त्याचा ‘प्रकार’ ओळखणारा, ही समजूत येथूनच बळावली.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि पाठोपाठ १९५८ पासून मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. एका दशकाच्या आत औटकी-अडीचकीचे प्रयोजन संपले. रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर पावकीने जे काम होई ते दशांशचिन्ह करू लागले. इतिहासात असे क्षण विरळा, जेव्हा सबंध समाजाच्या स्मरणातील ज्ञान कायद्याने कालबाह्य होते. परंतु ज्ञान गेले तरी त्याने लावलेली सवय राहिली. पाठांतर हे आता कोणत्याही बाजारातील प्रश्नाचे उत्तर नव्हते, तरीही ‘गणिताचा अभ्यास’ म्हणजे घोकणे आणि एकाच साच्याची वीस उदाहरणे सोडवणे, ही कल्पना कायम राहिली. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती स्थापन झाली; पुढील काळात ‘संच’ आणि नवगणिताची परिभाषा वर्गात आली. रचनेचा विचार शिकवण्यासाठी आणलेली ती परिभाषाही पुष्कळ ठिकाणी व्याख्यांच्या पाठांतरात विरली. साधन बदलले; ताळा कोणी पाहायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून जो वाद झाला, तो या संदर्भात बोलका आहे. ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असेही वाचता येईल, असे पुस्तकात सुचवले होते. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका सार्वजनिकरीत्या मांडली. मराठी संख्यानामांत एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो, लिहिताना मात्र क्रम उलटा. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस यांत पुढच्या दशकातून एक उणा करावा लागतो. लहान मुलाची अडचण खरी होती. विरोध करणाऱ्यांना भाषेची समृद्धी धोक्यात दिसली, तीही भावना खोटी नव्हती. परंतु वाद बव्हंशी ‘कसे म्हणावे’ याभोवतीच फिरला; मुलाला सत्तावीस म्हणजे काय हे कळते का, याभोवती फारसा फिरला नाही. उजळणीच्या दीर्घ परंपरेचा हा परिणाम म्हणावा लागेल.

या सगळ्याचा हिशेब चुकता होतो तो माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर, सहावी ते आठवीत. येथवर हातच्यावर निभावते. पाढे येतात, रीत येते, उत्तर पुस्तकाच्या मागे पाहता येते. मग ऋण संख्या येतात, आणि उणे तीन गुणिले उणे चार अधिक बारा कसे, हा प्रश्न उभा राहतो. अक्षर संख्येची जागा घेते. भूमितीत आकृती मोजून भागत नाही, सिद्ध करावे लागते. या तिन्ही ठिकाणी स्मरण अपुरे पडते आणि कारणाची गरज भासते. ज्या मुलाने पाच वर्षे स्वतःचे उत्तर कधी स्वतः पडताळलेले नाही, त्याच्यापाशी या घडीला काहीच आधार नसतो. ‘सर, बरोबर आहे का?’ हा त्याचा प्रश्न विनयाचा वाटतो. वास्तविक ती शरणागती असते. अनेक शाळांत याच सुमारास गणिताची परिभाषा इंग्रजीत जाते. समलंब चौकोनाचा ट्रॅपेझियम झाला म्हणून आकृती बदलत नाही, परंतु त्या आकृतीविषयी मोकळेपणाने बोलण्याची भाषा मुलाकडून सुटते, आणि बोलणे सुटले की कारण देणेही सुटते.

धोरणकर्त्यांना हे उमगले नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने गणिताकडे विचार, तर्क आणि विश्लेषण यांचे शिक्षण देणारे साधन म्हणून पाहिले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आकडेमोडीचे कौशल्य हे संकुचित उद्दिष्ट आणि गणिती रीतीने विचार करणे हे व्यापक उद्दिष्ट असा भेद केला, आणि विषयाच्या भीतीचा उघड उल्लेख केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे न ठेवण्याचे तत्त्व आणले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली. परीक्षा असावी की नसावी, हा वाद आपण हिरिरीने खेळलो. मात्र तपासण्याचे काम थोडेतरी मुलाकडे परत द्यावे का, हा प्रश्न त्या वादात कोपऱ्यातच राहिला. २००५ पासून ‘असर’च्या पाहण्यांत हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे या कसोट्या वापरल्या जात आहेत, हातचा अजूनही देशाच्या चिंतेचा विषय आहे. ताळ्याची कसोटी त्यांत नाही.

मग या वर्गाकडून आणि या वर्गातील मुलाकडून अपेक्षा काय असावी? इतिहासातून निघणाऱ्या सवयी थोड्या आणि साध्या आहेत. उदाहरण सोडवण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत सांगणे. उत्तर साधारण केवढे येईल याचा अंदाज आधी लिहून ठेवणे. भागाकार केला तर गुणून, समीकरण सोडवले तर किंमत परत घालून पाहणे. चुकलेली पायरी खोडरबराने न पुसता तिच्यावर एक रेघ ओढून शेजारी दुसरी लिहिणे. शेजाऱ्याची वही उतरवून घेण्याऐवजी त्याला ‘का’ विचारणे. पाढे पाठ असावेतच. हातचा नसेल तर ताळाही पाहता येत नाही, आणि पंतोजींच्या शाळेचे ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र पाठांतर हे कामाचे पहिले अर्ध आहे. शिक्षकाच्या बाजूने याचा अर्थ असा की वही तपासताना बरोबर-चूकची खूण करण्याआधी मुलाने स्वतः केलेला ताळा वहीत आहे का, हे पाहावे आणि त्यालाही गुण द्यावेत.

भाषेच्या अध्यापकांना यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. कवितेचा अर्थ मार्गदर्शिकेतून उतरवून घेणारा आणि गणिताचे उत्तर मागच्या पानावर पाहणारा विद्यार्थी एकच असतो. दोन्ही तासांना त्याने आपल्या वाचनावरचा हक्क सोडलेला असतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण ते त्यांना तपासता येत नव्हते. आजचा आठवीतला मुलगा उद्या बँकेचा हप्ता, पीकविम्याचा अर्ज आणि विजेचे बिल हातात घेणार आहे. त्या कागदावरील आकडा खरा आहे का, हे त्या वेळी शेजारी कोणी मास्तर नसताना त्याला पाहता यावे, एवढी अपेक्षा गणिताच्या तासाकडून करणे अवाजवी होणार नाही.